रमेशचा धाकटा भाऊ

मैदानावरून सुसाट सुटलेला धनराज पिल्ले, मानेवर उडणारे लांब केस आणि मागे धापा टाकत येणारे दोन-तीन बचावपटू. नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणाही हॉकीवेड्याच्या डोळ्यांपुढून हे चित्र हलत नाही. माझ्याही नाही. पण हल्ली मला त्याच्या आयुष्यातली त्याआधीची वर्षं जास्त खुणावतात. तेव्हा तो वर्तमानपत्रांतला धनराज नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर खडकीहून मुंबईत आलेला, थोरल्या भावाकडे राहणारा, पळायला तुफान पण बाकी बरंच काही शिकायचं असलेला पोरगा होता. रमेशचा धाकटा भाऊ, एवढीच ओळख.

धनराजवरच्या लेखांत ही वर्षं दोन ओळींत उरकतात. गरिबीत वाढला, मुंबईला गेला, १९८९ मध्ये भारतीय संघात आला. वाचणाऱ्याला वाटतं, गुणी पोरगा होता, जाणारच होता वर. मला ते पटत नाही. गुणी पोरं खडकीत तेव्हाही पुष्कळ होती, आजही आहेत. त्यांच्यातला एक जगाच्या पहिल्या अकरांत जाऊन बसतो, तेव्हा त्या दोन ओळींच्या मधे कुणीतरी पुष्कळ काही सोसलेलं असतं, सांभाळलेलं असतं.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ चा. घर तमिळ, वडील नागलिंगम, आई अंदाळम्मा. वडील मैदानाची देखभाल करायचे. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतलं घर, पाच भाऊ आणि पैशांची कायमची ओढाताण. घरात लक्ष्मी यावी म्हणून चौथ्या मुलाचं नाव धनराज ठेवलं, असं सांगतात. खडकी म्हणजे छावणी. फौज, कारखाने, बराकी आणि त्यांच्यामधली मोकळी मैदानं. पुण्यात इतरत्र पोरांच्या हातात बॅट यायची त्या वयात इथल्या पोरांच्या हातात स्टिक यायची. याच हॉकीतून बाबू निमल १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपर्यंत पोचले होते, म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती. पिल्ले भावंडांकडे नवी स्टिक घ्यायला पैसे नव्हते. मोडक्या स्टिकला दोरी गुंडाळायची, कुणीतरी टाकून दिलेला बॉल उचलायचा आणि खेळायचं. अंदाळम्मांनी पाचही मुलांना खेळू दिलं. धनराजने पुढे आयुष्यभर आईचं हे ऋण बोलून दाखवलं. मला त्या माउलीचं फार अप्रूप वाटतं. घरात दोन वेळची भ्रांत असताना संध्याकाळी पोरं मैदानावर आहेत हे चालवून घेणं, त्यांना कुठे हाताखाली कामाला न लावणं, हा निर्णय रोजच्या रोज घ्यावा लागतो.

मातीच्या मैदानावर बॉल कधी मनासारखा येत नाही. खड्ड्यात अडतो, ढेकळावर उडतो, पाऊस पडून गेला की चिखलात रुततो. त्यामुळे मनगट सतत जागं ठेवावं लागतं. धनराजचा आदर्श होता बनारसचा मोहम्मद शाहिद, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातला ड्रिबलचा बादशहा. खडकीच्या मातीत शाहिदची नक्कल करत वाढलेल्या मुलाच्या हातात काय आलं असेल, याची कल्पना येते. बॉल स्टिकला चिकटून राहणार, एका बचावपटूला चकवणार, दुसऱ्याला चकवणार, आणि तिसऱ्याकडे हमखास गमावणार. कारण १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली होती, आणि टर्फवर एकट्याने तिघांना चकवण्याचे दिवस भराभर संपत चालले होते. बॉल सरळ येतो, वेगाने येतो, आणि बॉलच्या बरोबरीने बचावपटूही येतो.

म्हणजे मुंबईत आलेल्या या मुलाकडे वेग होता, मनगट होतं. नव्हतं ते या दोन्हींचं लग्न लावणारं शहाणपण.

रमेश तेव्हा मुंबईच्या लीगमध्ये आरसीएफकडून, म्हणजे राष्ट्रीय केमिकल्सकडून खेळत होता. भारताकडूनही खेळून झाला होता. त्याने धाकट्याला आपल्याकडे बोलावून घेतलं आणि त्याला घडवायला घेतलं. भाऊ म्हणून घरी ठेवून घेणं निराळं आणि खेळाडू म्हणून रोज त्याच्या चुका दाखवणं निराळं. ज्याच्या घरात दोन भाऊ एकच खेळ खेळले आहेत त्याला ठाऊक असेल, थोरल्याने मैदानावर झाडलेलं रात्री ताटावर बसल्यावरही ऐकू येत राहतं. त्यातून धाकटा एक तर खेळ सोडतो किंवा पक्का होतो. रमेशच्या हाताखाली धनराज पक्का झाला. वेगवान स्ट्रायकर म्हणून त्याचं नाव मुंबईत व्हायला लागलं ते याच काळात.

पुढे तो महिंद्रामध्ये गेला आणि तिथे त्याला प्रशिक्षक म्हणून जोकिम कार्व्हालो भेटले. कार्व्हालो १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळलेले. इथे मला मुंबईच्या कंपनी हॉकीबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण आजच्या पिढीला ती माहीतच नाही. आरसीएफ, महिंद्रा, एअर इंडिया, इंडियन एअरलाइन्स, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, भारत पेट्रोलियम. या सगळ्यांचे संघ होते. लीग होती, बॉम्बे गोल्ड कप होता, आगाखान स्पर्धा होती. खेळाडूला नोकरी मिळायची, महिन्याच्या महिन्याला पगार हातात पडायचा, आणि सरावासाठी वेळ मिळायचा. विशीतल्या मुलाला यातून मिळायची ती मोकळीक. एखादा मोसम वाईट गेला तरी चूल विझत नव्हती. शनिवारी तीन संधी दवडल्या तरी सोमवारी हजेरीपटावर नाव असायचं. आज कोवळ्या वयात एका निवड चाचणीवर मुलांची स्वप्नं उभी राहतात आणि त्याच संध्याकाळी कोसळतात. ते पाहताना मला त्या हजेरीपटाची किंमत कळते. त्या संघांतले जुनेजाणते खेळाडू ही तर वेगळीच शाळा. वयाने दहा वर्षं मोठा, भारताकडून खेळून आलेला फुलबॅक रोज सरावात समोर उभा राहतो, रोज बॉल काढून घेतो आणि मग चहा पिताना सांगतो की तू डाव्या खांद्याने फसवतोस ते मला आधीच दिसतं. पुस्तकात हे कुठे मिळतं?

फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, नेमकं काय शिकतो आणि त्याला इतका वेळ का लागतो, हे मला माझ्या भाचीमुळे जवळून पाहायला मिळतं आहे. ती पिंपरीत खेळते, चौदा वर्षांखालच्या गटात. नेहरूनगरच्या मैदानावर मी अधूनमधून तिचा सराव पाहायला जातो. एका संध्याकाळी टर्फवर नुकतं पाणी मारलेलं होतं. सरांनी तिला एकच काम दिलं. मधल्या रेषेवरून ते जोरात पास ढकलणार, तिने पळत येऊन तो स्टिकवर घ्यायचा आणि न थांबता पुढे न्यायचा. बस. ओल्या टर्फवर बॉल सूं करत यायचा, स्टिकवर आपटायचा आणि हातभर उडून जायचा. "खाली, स्टिक अजून खाली," सर ओरडायचे. पुन्हा पास. पुन्हा उडाला. मग ते जवळ आले आणि तिचा उजवा हात त्यांनी स्टिकवरून सोडवून सैल केला. डावा हात वर घट्ट, उजवा फक्त आधाराला. स्टिकचं तोंड बॉलवर किंचित झुकलेलं. बॉल लागताना उजवा हात मागे येऊ द्यायचा, म्हणजे बॉलचा जोर तिथल्या तिथे मरतो. "थांबवू नकोस त्याला. तुझ्याबरोबर ने." बऱ्याच वेळानंतर एक बॉल असा आला की तो स्टिकला लागल्याचा आवाजच झाला नाही. ती पळतच राहिली आणि बॉल तिच्या उजव्या पायाच्या पुढे दीड हातावर, तिच्याच वेगाने पळत राहिला. सर काही बोलले नाहीत, फक्त पुढचा पास आणखी जोरात ढकलला.

घरी जाताना ती फुरंगटली होती. "मामा, तासभर गोलाकडे बघूसुद्धा दिलं नाही."

तिला मी काय सांगणार? पण तो तास मला फार मोलाचा वाटला. गोलासमोरच्या अर्धवर्तुळाची, म्हणजे डीची रेषा गोलापासून १४.६३ मीटरवर असते आणि फॉरवर्डचा गोल धरला जातो तो त्या रेषेच्या आत त्याची स्टिक बॉलला लागली तरच. एवढ्याशा जागेत बचावपटू अंगाला अंग लावून उभे असतात. पहिल्याच स्पर्शात बॉल हातभर उडाला तर संधी संपली, आणि तो पायापुढे मऊ पडला तर बचावपटूच्या आधी अर्धा क्षण मिळतो. प्रेक्षक त्या अर्ध्या क्षणानंतरचा फटका पाहतात आणि टाळ्या वाजवतात. खरा गोल त्याच्या आधीच झालेला असतो. बॉलशिवायचं पळणं तर कुणाच्याच लक्षात येत नाही. धनराजच्या काळी सामना सत्तर मिनिटांचा होता, आता साठचा. त्यात फॉरवर्डच्या स्टिकला बॉल लागतो तो वेळ जोडला तर काही मिनिटांचा भरेल. उरलेला सगळा वेळ तो जागा सोडत असतो, जागा अडवत असतो, बचावपटूला आपल्यामागे ओढून साथीदारासाठी वाट मोकळी करत असतो. यातलं काहीही गुणफलकावर दिसत नाही. आंबा आढीत घातला की तो रोज दाबून पाहायचा नसतो, तसं या वयातल्या फॉरवर्डचं आहे. रोज "आज किती गोल?" असं विचारत राहिलं की मूल पासच्या जागी फटका मारायला लागतं, आणि मग ते शिकायचं थांबतं.

१९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया कपमध्ये धनराज भारताकडून खेळला. वय २१. हाच तो उसळून वर आल्याचा क्षण, असं म्हणायची पद्धत आहे. पण पुढचे निकाल पाहा. त्या स्पर्धेची अंतिम लढत भारत पाकिस्तानकडून हरला. पुढच्या वर्षी लाहोरच्या वर्ल्डकपमध्ये भारत दहावा आला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सातवा. बीजिंग आशियाई स्पर्धेतलं रौप्य एवढाच दिलासा. नव्या फॉरवर्डला बाजूला सारायला इतकी कारणं पुरेशी होती. तरी तो संघात टिकला, आणि टिकला म्हणूनच १९९४ च्या सिडनी वर्ल्डकपमध्ये जगाला तो पूर्ण तयार झालेला दिसला. भारत पाचवा आला आणि स्पर्धेनंतर निवडलेल्या जागतिक संघात एकच भारतीय नाव होतं, धनराज पिल्ले. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. मुंबईत रमेशकडे आला त्यापासून धरलं तर हा काळ एका दशकाच्या जवळ जातो. मला हा हिशेब महत्त्वाचा वाटतो, कारण आपण मुलांना दोन मोसमसुद्धा देत नाही.

त्यानंतरचा धनराज सगळ्यांना माहीत आहे. चार ऑलिंपिक, चार वर्ल्डकप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा. असा दुसरा खेळाडू नाही. १९९८ ला बँकॉकमध्ये तो कर्णधार होता, दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना पेनल्टी स्ट्रोकवर गेला, आशिष बल्लाळने गोल राखला आणि भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं. आधीचं १९६६ चं, तेही बँकॉकलाच. आणि त्या सुवर्णानंतर धनराजसह अनेक प्रमुख खेळाडूंना 'विश्रांती' म्हणून संघाबाहेर बसवलं गेलं. आजही त्याचा मला संताप येतो. सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडने अगदी शेवटी केलेल्या बरोबरीने उपांत्य फेरी हुकली, त्याचं दुःख वेगळं. खेळात त्याला इलाज नाही.

एका गोष्टीपाशी मात्र मी नेहमी थांबतो. धनराजचे आंतरराष्ट्रीय सामने ३३९ आणि गोल सुमारे १७०. 'सुमारे', कारण त्या काळच्या भारतीय हॉकी महासंघाने गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नाही. हे लाजिरवाणं आहे, यात शंका नाही. पण ज्या माणसाचे गोल कुणी नीट मोजले नाहीत त्याची थोरवी कुणाच्याही मनात उणी झालेली नाही. लोकांना त्याचं पळणं आठवतं, त्याने काढून दिलेले पेनल्टी कॉर्नर आठवतात, बॉल गेला की स्वतः मागे पळत येऊन तो हिसकावून घेणं आठवतं.

मुंबईत रमेशसारखी, पोरगं घडेपर्यंत वाट पाहणारी माणसं आणखीही होती. प्रशिक्षक मर्झबान पटेल, सगळ्यांचे बावा. बॉम्बे रिपब्लिकन्स नावाचा त्यांचा क्लब. तिथे घडलेले गॅव्हिन फरेरा, विरेन रस्किन्हा, एड्रियन डिसूझा, युवराज वाल्मिकी, किती नावं घ्यावीत. युवराज फॉरवर्ड. मरीन लाइन्सजवळच्या वीज नसलेल्या खोलीत वाढलेला. २०११ मध्ये चीनमधल्या ओर्दोसला पहिल्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोकवर गेला, तेव्हा विजयी स्ट्रोक त्याचा होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याची अंधारी खोली छापली. बावांनी त्याच्यावर खर्ची घातलेली वर्षं छापणं कठीणच होतं. द्रोणाचार्य पुरस्कार बावांना मिळाला तो २०१९ मध्ये.

आता कंपनी हॉकीचं ते छत्र बरंच विरलं आहे. त्याची जागा थोडीफार निवासी प्रबोधिनींनी घेतली. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत फलटण तालुक्यातल्या मुली आल्या, आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे, आणि दोघीही भारताच्या संघापर्यंत पोचल्या. शेतकरी घरातल्या मुलीला बारा-तेरा वर्षांची असताना घरापासून दूर ठेवायचं हा अंदाळम्मांच्या जातीचाच निर्णय आहे.

आणि महाराष्ट्राचीच ऋतुजा पिसाळ. २०२३ ला चिलीत सांतियागोला ज्युनियर वर्ल्डकप झाला तेव्हा ती भारताची उपकर्णधार होती आणि संघाच्या यादीत तिचं नाव मधल्या फळीत होतं. भारत नववा आला, फारशी चर्चा झाली नाही. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, चीनमधल्या हांगझोच्या आशिया कपसाठी निवडलेल्या वरिष्ठ संघात ती फॉरवर्ड म्हणून होती. जपानविरुद्ध दहाव्या मिनिटाला तिने गोल केला, सामना २-२ सुटला. कोरियाला भारताने ४-२ ने हरवलं, त्यात दुसऱ्या मिनिटाचा पहिला गोल वैष्णवीचा आणि ५९व्या मिनिटाचा शेवटचा ऋतुजाचा. अंतिम सामन्यात चीनने ४-१ ने हरवलं, रौप्य मिळालं. मी त्या स्पर्धेनंतर तिच्याकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहायला लागलो. मधल्या फळीत खेळलेली मुलगी पुढे येते तेव्हा पास कुठून सुटणार आहे हे तिला आधी कळतं, कारण तो पास तिने स्वतः शेकडो वेळा सोडलेला असतो. बॉल गेल्यावर मागे वळायला तिला कुणी सांगावं लागत नाही. आणि सामना संपत आलेला असताना ५९व्या मिनिटाला डीत जाऊन उभं राहायचं, तर पायांत तितका दम उरलेला असावा लागतो. तो मधल्या फळीतच कमावला जातो.

यंदा भाचीच्या सरांनी तिला हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळवायला सुरुवात केली आहे. दाजींना ते अजिबात रुचलं नाही. मुलगी गोल करणारी, तिला मागे का घालवली, कुणाशी तरी बोलायला हवं, असं त्यांचं चाललं होतं. मी त्यांना ऋतुजाची सगळी हकिगत सांगितली, सांतियागोची यादी आणि हांगझोची यादी दोन्ही फोनवर काढून दाखवल्या. ते बराच वेळ पाहत राहिले.

"म्हणजे वर्षभर हिने असं मागेच खेळायचं?"

"वर्ष लागलं तर वर्ष, दाजी. दोन लागली तर दोन."